आंबिया बहार आणि कार्टूनचा तिसरा सीझन

मे महिन्यात आमच्या वरूडकडे सकाळी दहानंतर संत्र्याच्या बगिच्यात थांबवत नाही. ओलिताची पाळी पहाटेच उरकायची आणि दुपारी कूलरसमोर पडून राहायचं. यंदा बहिणीचा मुलगा सुट्टीवर आला होता. अकरा वर्षांचा आहे. मी मोठ्या हौसेनं त्याला माझ्या शाळेच्या दिवसांतलं 'डेक्स्टर्स लॅबोरेटरी' लावून दिलं. घरात गुपचूप प्रयोगशाळा चालवणारा चष्मेवाला पोरगा आणि त्याची प्रयोगशाळा रोज उधळून लावणारी मोठी बहीण. दोन दिवस पोट्टं पोट धरून हसलं. तिसऱ्या दिवशी त्यानं रिमोट खाली ठेवला अन् म्हणाला, "मामा, हे तं दुसरंच वाटून राहिलं. नाव तेच आहे, पण डेक्स्टर काही डेक्स्टर वाटत नाई."

मी बघितलं, तर तो दुसरा सीझन संपवून तिसऱ्यात शिरला होता.

त्याला कोणी काही सांगितलेलं नव्हतं, तरी त्याच्या डोळ्यांनी बरोबर सांधा पकडला. गेंडी टार्टाकोव्हस्की यांनी ही मालिका १९९६ साली सुरू केली. पहिल्या दोन सीझनचे ५२ भाग त्यांच्या देखरेखीखाली झाले आणि मालिका थांबली. पुढे ते 'सामुराई जॅक' या नव्या कामाला लागले. वाहिनीला मात्र डेक्स्टर हवाच होता, म्हणून २००१ मध्ये तिसरा सीझन सुरू झाला. त्याची सूत्रं क्रिस सॅव्हिनो यांच्याकडे गेली. रंग आता हातानं नव्हे, संगणकावर भरले जाऊ लागले. चित्रांची धाटणी बदलली. मूळ इंग्रजीत डेक्स्टरचा आवाज देणाऱ्या क्रिस्टीन कॅव्हॅनॉ याच काळात निवृत्त झाल्या आणि कँडी मायलो यांनी आवाज द्यायला सुरुवात केली. म्हणजे नाव सोडून जवळपास सगळंच बदललं होतं.

"पहिले सीझन भारी होते, पुढं सगळं बिघडलं," असं आपण जुन्या कार्टूनबद्दल सर्रास बोलतो. या एका वाक्यात निदान चार-पाच वेगळ्या गोष्टी गुंतलेल्या असतात. काही पडद्यावर घडतात, काही आपल्या डोक्यात. मला हा गुंता सोडवावासा वाटतो, कारण ज्या चित्रांनी आपलं बालपण भरून टाकलं त्यांना निदान नीट पारखावं एवढं तरी आपण त्यांचं देणं लागतो.

आधी सीझन म्हणजे काय ते पाहू. वाहिनी निर्मात्याला एका दमात जेवढ्या भागांची मागणी देते, तो एक सीझन. हा आकडा गोष्टीच्या गरजेतून ठरतो असं आपल्याला वाटतं, पण तो बहुतेक वेळा घड्याळातून ठरतो. 'डकटेल्स'चा पहिला सीझन ६५ भागांचा होता. ६५च का? सोमवार ते शुक्रवार रोज एक भाग दाखवला, तर पाच दिवस गुणिले तेरा आठवडे बरोबर ६५. तीन महिने भरले की तेच भाग पुन्हा लावायचे. दूरदर्शननं १९९३ साली दाखवलेलं 'जंगल बुक' हे मुळात १९८९-९० मधलं जपानी कार्टून. त्याचे भाग ५२, म्हणजे आठवड्याला एक याप्रमाणे वर्षाचे बावन्न आठवडे. वर्ष संपलं, गोष्ट संपली, पुढचा सीझन आलाच नाही. आपल्या मनात तो मोगली अजून स्वच्छ उभा आहे, याचं एक कारण तेही आहे.

माझं आजोळ भंडारा जिल्ह्यातल्या पवनीचं, वैनगंगेच्या काठावरचं. किपलिंगच्या मोगलीकथा सिवनीच्या रानात घडतात आणि त्यांत नदी येते ती हीच वैनगंगा. सिवनीतून निघून ती आमच्या घाटाखालून पुढे जाते. लहानपणी हे कळलं तेव्हा मला वाटलं होतं, जपानी लोकांनी आपली नदी काढली! हिंदीतलं शीर्षकगीत गुलजारांनी लिहिलेलं, चाल विशाल भारद्वाजांची, शेरखानचा आवाज नाना पाटेकरांचा. भाषांतरित आवृत्तीही कशी नवी कलाकृती होऊ शकते, याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

आता ती रविवारची सकाळ आठवा. आळीत एक टीव्ही, त्यासमोर पंचवीस पोरं. एक जण माळवदावर अँटेना फिरवतोय, खालून ओरडा चालू: "आलं, आलं... गेलं!" त्यात लोडशेडिंग. चार रविवारांतले दोन पूर्ण बघायला मिळाले तरी खूप झालं. पुढे केबल आली तेव्हा भाग कुठल्या क्रमानं लागतात याचा पत्ता नसायचा. आज पहिल्या सीझनमधला, उद्या चौथ्यातला. म्हणजे आपण 'पहिला सीझन' म्हणून वेगळा असा काही बघितलेलाच नाही. आपण बघितले सुटे भाग, तेही अर्धेमुर्धे, आणि जे पुन्हा पुन्हा लागले ते पाठ झाले.

हे पाठ होणंच मोठं फसवं असतं. रॉबर्ट झायन्स नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९६८ साली दाखवून दिलं की एखादी गोष्ट नुसती वारंवार समोर आली तरी ती आवडायला लागते. तिच्यात वेगळा गुण असण्याची गरज नसते. शिवाय वयाच्या साधारण दहाव्या वर्षापासून तिशीपर्यंतच्या आठवणी पुढे आयुष्यभर जास्त ठळक राहतात, हेही मानसशास्त्रात पक्कं झालेलं आहे. सुपात धान्य पाखडावं तसं मन वर्षानुवर्षं पाखडत राहतं. फोल उडून जातं, भरीव दाणे उरतात. मग आपण त्या निवडलेल्या पाच भागांच्या शेजारी नव्या सीझनचे वीसच्या वीस भाग फोलासकट ठेवतो आणि म्हणतो, बघा, किती घसरलं. ही तुलनाच खोटी आहे.

पण सगळं आपल्या मनातच घडतं असंही नाही. घसरण खरीही असते, आणि ती कशी होते ते मला आमच्या बगिच्यावरून जास्त नीट कळतं.

संत्र्याचं झाड वर्षात एकाहून जास्त वेळा फुलतं. आमच्याकडे दोन बहार महत्त्वाचे. जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो तो आंबिया, पाऊस लागल्यावर फुलतो तो मृग. जाणता बागायतदार एकाच झाडावर दोन्ही बहार धरत नाही. बहार घ्यायच्या आधी पाणी तोडून झाडाला ताण देतात. पानं मलूल होतात, वाढ थांबते, झाड आपल्यापाशी साठा करतं. मग पाणी सोडलं की फुलोरा एकदम येतो. ताण न देता घेतलेला बहार विरळ येतो, आणि दोन्ही बहारांच्या हव्यासानं पाच-सात वर्षांत झाड खंगतं. झाड तेच, जमीन तीच, बागायतदारही तोच. फक्त मध्ये विश्रांती नाही.

कार्टूनमध्ये हा हिशेब आकड्यांत मांडता येतो. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांनी एमजीएम स्टुडिओत १९४० ते १९५८ या काळात 'टॉम अँड जेरी'चे ११४ लघुपट केले. एक लघुपट साधारण सात मिनिटांचा धरला तर अठरा वर्षांचं मिळून काम भरतं तेरा तासांच्या आसपास. त्या तेरा तासांनी सात ऑस्कर मिळवले. आणि 'डकटेल्स'चा एकटा पहिला सीझन? बावीस मिनिटांचे ६५ भाग, म्हणजे जवळपास चोवीस तास. अठरा वर्षांच्या कामाच्या पावणेदोन पट माल, तोही एका सीझनसाठी.

सेकंदाला चोवीस चौकटी लागतात. एक चित्र दोन चौकटींना वापरलं तरी सेकंदाला बारा चित्रं. बावीस मिनिटांच्या भागाला पंधरा हजारांवर चित्रं होतात. एवढी कोणी काढत बसत नाही. म्हणून धड स्थिर ठेवून फक्त तोंड हलवायचं, पळताना मागचं तेच झाड पुन्हा पुन्हा सरकवायचं, अशा युक्त्या निघाल्या. योगी अस्वलाच्या गळ्यात कॉलर आणि टाय का असतो ठाऊक आहे? डोकं आणि धड वेगवेगळ्या पारदर्शक तावांवर काढून फक्त डोकं बदलता यावं आणि सांधा दिसू नये म्हणून. मला या युक्तीचं फार कौतुक वाटतं. पैसा आणि वेळ कमी पडला म्हणून माणसानं शोधलेली ती वाट आहे, आणि त्यातूनच योगीचं रूप घडलं. तेव्हा हालचाल कमी दिसली की लगेच काम हलकं ठरवू नये.

दुसरी गोष्ट हात बदलण्याची. ज्याला शो-रनर म्हणतात तो माणूस कुठली गोष्ट घ्यायची, कुठला विनोद ठेवायचा, कुठे थांबायचं हे ठरवतो. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, शंकरपटाच्या (बैलजोड्यांच्या शर्यतींच्या) दिवसांत नाटकं होतात. वडशाहून कंपन्या येतात. पवनीला असताना मी एकच नाटक दोन वर्षं दोन कंपन्यांकडून बघितलं आहे. संवाद तेच, गाणी तीच, पण दिग्दर्शक बदलला तर पहिल्या वर्षी रडलेल्या बाया दुसऱ्या वर्षी मध्येच उठून चहाला गेल्या. मालिकेच्या बाबतीत असं झालं की आपण पात्राला दोष देतो. दोष द्यायचा तर श्रेयनामावलीत कोणाचं नाव बदललं ते आधी बघावं.

पुढच्या सीझनांचा वाद जगात सगळ्यात जास्त झाला तो 'द सिम्पसन्स'वरून. १७ डिसेंबर १९८९ला सुरू झालेली ही मालिका अजून चालू आहे, साडेसातशेहून जास्त भाग झाले. तिचे चाहते साधारण तिसरा ते आठवा सीझन सर्वांत उत्तम मानतात. लक्षात घ्या, पहिला नाही! पहिल्या सीझनची चित्रं ओबडधोबड आहेत, घरातल्या बापाचा, होमरचा, आवाजसुद्धा नंतरच्यासारखा नाही. त्या सहा वर्षांत सूत्रं तीन वेगवेगळ्या हातांत होती: आधी अल जीन आणि माइक रीस, मग डेव्हिड मर्किन, मग बिल ओकली आणि जॉश वाइनस्टीन. म्हणजे हात बदलला की काम बिघडतंच, असा नियम नाही. नवव्या सीझनपासून माइक स्कली आले आणि तिथून पुढे बऱ्याच चाहत्यांचा सूर बदलला.

तिथे जे घडलं त्याला चाहत्यांनी 'फ्लँडरायझेशन' असं नावच दिलं आहे. नेड फ्लँडर्स हा होमरचा शेजारी. सुरुवातीच्या सीझनमध्ये तो चांगला बाप, चांगला शेजारी, घरदार नीट ठेवणारा आणि सोबत देवभोळा. होमर जळतो तो त्याच्या सुखी घरावर. वर्षं गेली तसा देवभोळेपणा बाकी सगळं खाऊन बसला. हे कोणी ठरवून करत नाही. नवा लेखक येतो तेव्हा तो पात्र शिकतो जुने भाग बघून. त्याला लक्षात राहतो सर्वांत ठसठशीत गुण, तोच तो पुढे लिहितो. त्याच्यानंतरचा लेखक या लेखकाचे भाग बघून शिकतो. झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेलं की फिकट रेषा उडतात आणि जाड रेषा तेवढी उरते, तसं. गावातही एखाद्याचं असं होतं. वीस वर्षांपूर्वी एकदा लग्नात तो पंगतीत दहा जिलब्या खातो आणि पुढे सगळं गाव त्याला त्या जिलब्यांवरूनच ओळखतं. तो उत्तम विहीर बांधतो हे कोणी बोलत नाही.

आणि वय. होमरचा पोरगा बार्ट सिम्पसन १९८९ सालापासून दहा वर्षांचाच आहे. सुरुवातीच्या एका भागात त्याचे आईबाप १९७४ साली शाळेत भेटलेले दाखवले आहेत; २००८च्या एका भागात तेच दोघं १९९०च्या दशकात तरुण आहेत. पात्रं थांबली आणि काल सरकला, की भूतकाळ असाच ओढत न्यावा लागतो. आपला 'छोटा भीम' २००८ मध्ये आला. तेव्हा सहा वर्षांची असलेली पोरं आज मतदान करतात, भीम ढोलकपुरात अजून तेवढाच आहे. अशा गोष्टी रहाटासारख्या असतात, फिरून मूळ जागी येणाऱ्या. त्यांच्यात नवं पाणी येतंय का एवढंच बघायचं. 'अवतार: द लास्ट एअरबेंडर'ची जात वेगळी. २००५ ते २००८ या काळात तीन सीझन, ६१ भाग, पाणी, पृथ्वी आणि अग्नी अशी त्यांची नावं. ती नदीसारखी एका दिशेनं जाते. तिचा शेवटचा सीझन पारखताना आपण मुक्काम बघतो, तो आधीच्या वळणांना धरून आला का ते. एका जातीचं माप दुसरीला लावलं की निकाल चुकतो. माझ्या मते बरीचशी भांडणं इथेच होतात.

मग पारखायचं कसं? आमच्याकडे व्यापारी उभा बगिचा विकत घेतो. नवखा असेल तो रस्त्याकडच्या झाडांचं फळ बघून भाव बोलतो. मुरलेला माणूस सरळ आत शिरतो, मधल्या ओळीतलं झाड निवडतो, फांदी वर करून खालचं फळ बघतो. मी भाच्यासोबत हेच केलं. सीझनचा पहिला भाग घ्यायचा नाही, शेवटचाही नाही. या दोन्हींवर जास्त मेहनत असते, ती रस्त्याकडची झाडं. मधले तीन भाग घ्यायचे, शक्यतो आपल्याला आठवत नसलेले. जुन्या सीझनचेही तसेच तीन. सीझनचा आकडा न बघता लावायचे. ही उठाठेव वाटेल, पण त्या दुपारी माझी दोन मतं उलटी झाली. 'डेक्स्टर'च्या पहिल्या सीझनमधला मी विसरलेला एक भाग अगदीच सपक निघाला.

जुनं पुन्हा बघताना आणखी एका गोष्टीवर नजर ठेवा: चित्राच्या चौकटीवर. जुना टीव्ही चारास तीन या प्रमाणाचा, आताचा सोळास नऊ. जुना भाग नव्या पडद्यावर पूर्ण रुंदीनं बसवायचा तर वरून-खालून मिळून चित्राचा पाव हिस्सा कापावा लागतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये 'द सिम्पसन्स' डिस्ने प्लसवर असेच कापून आले. एका भागात दारूच्या कारखान्यात तीन वेगवेगळ्या नावांच्या टाक्या आहेत आणि वर बघितलं तर तिन्हींत एकाच नळातून दारू पडते. तो नळच कापला गेला, विनोद गेला. लोकांनी ओरड केल्यावर मे २०२० मध्ये मूळ चौकट परत मिळाली. म्हणून "पूर्वी हसू यायचं, आता येत नाही," असं वाटलं तर आधी बाजूला काळ्या पट्ट्या दिसतात का ते बघा. पट्ट्या दिसल्या तर बहुधा चित्र पूर्ण आहे.

ताण दिलेल्या झाडाचंही एक उदाहरण सांगतो. 'सामुराई जॅक' २००४ मध्ये गोष्ट अर्धवट ठेवून थांबला. तेरा वर्षांनी, २०१७ मध्ये, टार्टाकोव्हस्की यांनीच पाचवा सीझन केला. दहाच भाग. मधली वर्षं त्यांनी लपवली नाहीत; जॅक दाढी वाढलेला, थकलेला, तलवार हरवलेला दिसतो. मी तो मोबाईलवर, ओलिताच्या रात्री मोटरीजवळ बसून बघितला. शेवटाबद्दल माझ्या काही तक्रारी आहेत, पण मधल्या भागांतली शांतता मला आजही तशीच आठवते.

शेवटच्या दुपारी आम्ही 'टॉम अँड जेरी' घेतलं. एमजीएमनं १९५७ मध्ये कार्टूनचा स्टुडिओ बंद केला, हॅना आणि बार्बेरा टीव्हीकडे वळले. पुढे १९६१-६२ मध्ये जीन डाइच यांनी तेरा लघुपट केले, तेही कुठे, तर चेकोस्लोव्हाकियातल्या प्रागमध्ये. पैसा थोडका, आणि तिथल्या चित्रकारांना नमुना म्हणून मूळ लघुपट मोजकेच बघायला मिळाले होते. मग चक जोन्स यांनी चौतीस केले. १९७५ मध्ये टीव्हीसाठी आले त्यात तर टॉम आणि जेरी दोस्तच झाले, कारण मुलांच्या कार्यक्रमांत मारामारी नको असा तेव्हाचा दंडक होता.

प्रागचे भाग मला लहानपणी अजिबात आवडत नसत. विहिरीतून आल्यासारखे घुमणारे आवाज, झटके खात होणारी हालचाल. ते लागले की आम्ही पोरं उठून गोट्या खेळायला जायचो. आता माहीत आहे की तो एका वेगळ्या देशातल्या, मूळ काम फारसं न बघितलेल्या माणसांचा अंदाज होता. लांबून, ऐकीव वर्णनावरून काढलेलं चित्र जसं असेल तसं. तरी मी भाच्याला काही सांगितलं नाही. त्यातला एक भाग इतरांत मिसळून लावला आणि प्रत्येक भागानंतर वहीच्या मागच्या पानावर एक ओळ लिहायला सांगितली, जुना हात की नवा हात.

संध्याकाळी मोटर सुरू करायला निघताना मी वही उघडून बघितली. त्या भागापुढे पेन्सिलीनं लिहिलं होतं: "नवा हात. पण आवाज भुतावानी, लय मस्त. अजून एक लाव."